एकरी किती निघतंय?

मामा खोटं बोलले आणि मी ते जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं. समोरच्या बाईंनी साधंच विचारलं होतं, तुमच्याकडे वाइनची द्राक्षं अजून आहेत ना? मामांनी लगेच मान हलवली. ‘हायत की. दीड एकर. शिराज.’ बाई खूश झाल्या, हातातली कात्री खिशात घातली आणि पुढे चालू लागल्या. ती दीड एकर शिराज मामांनी २०११ मध्ये जेसीबी लावून उपटली होती. उपटलेल्या खोडांचा ढीग बांधावर कितीतरी महिने पडून होता, मामी चुलीला त्यातलीच लाकडं घालायची. हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे मामांनाही ठाऊक होतं. तरी माझ्याकडे न बघता ते बोलले आणि मी त्यांचं बोलणं पलीकडे पोचवलं. गोष्ट एवढीच. पण ती डोक्यातून जात नाही, कारण मामा खोटं बोलणारा माणूस नव्हे. द्राक्षाच्या दलालापुढेसुद्धा शुगर कमी असेल तर ते कमीच सांगतात, आणि मामी त्यावरून त्यांना आजही बोलते.

मामा शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यातून आले होते. आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर जिथे उतरतात ते रॉटरडॅमचं बंदर बघून झालं, हॉलंडमधली काचेखालची शेती बघून झाली, आणि बाकीची मंडळी परत निघाली तेव्हा ते माझ्याकडे स्पेनमध्ये, तारागोनाला आले. समुद्र त्यांनी लांबूनच पाहिला. रोमन लोकांच्या पडक्या भिंतींपुढे उभं राहून त्यांनी ‘दगड चांगला हाय’ एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, ‘हितं जवळपास द्राक्षं कुठं हायत का?’ म्हणून मी त्यांना प्रिओरात या जवळच्या, वाइनसाठी ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ भागात घेऊन गेले. ज्या बाईंकडे गेलो त्यांची माझी ओळख फाल्सेतच्या वाइनच्या जत्रेतली. मेच्या सुरुवातीला ही जत्रा भरते, गळ्यात पेला अडकवून लोक या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतात, आणि या बाई एका कोपऱ्यात दोनच प्रकारच्या बाटल्या मांडून बसल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक न मारता. साडेतीन हेक्टर रान, तेही पाच तुकड्यांत. घराचं तळघर हीच वाइनरी. बरं वर्ष असेल तर चारेक हजार बाटल्या.

रेऊसहून निघालं की तेइशेताची खिंड लागते. खिंडीच्या अलीकडे हेझलनटच्या बागा आणि समुद्राकडची दमट हवा, पलीकडे उतरलं की ओठ सुकायला लागतात. एकामागे एक करडे डोंगर, उत्तरेला मोन्सांतचा उभा कडा, आणि रस्ता जिथून वळतो तिथे खाली कोरडी दरी. मामा गाडीच्या काचेला टेकून मांडव शोधत होते. तारा नाहीत, लोखंडी अँगल नाहीत, ठिबकच्या नळ्या नाहीत. ‘बाग कुठं हाय?’ मी बोट दाखवलं तो उतार इतका खडा होता, की वर उभ्या असलेल्या माणसाच्या चपला खालच्याच्या डोक्याच्या पातळीला येत होत्या. त्या उतारावर गुडघ्याएवढी, पिळवटलेली, आधाराशिवाय उभी असलेली काळी खोडं होती. कारिन्येना या जातीच्या द्राक्षाची. बाईंच्या आजोबांनी लावलेली. फिलॉक्सेरा किडीनं १८९० च्या दशकात इथल्या वेली मुळापासून खाल्ल्या, त्यानंतर अमेरिकन खुंटावर कलम करून जी लागवड झाली तिच्यातली ही काही झाडं. मामांना हे समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही डॉगरिजच्या खुंटाशिवाय बाग उभी राहत नाही. ते वाकले, खोडाशी माती उकरायला गेले आणि हाताला माती लागलीच नाही.

सगळा दगड. पातळ पापुद्र्यांचा, काळसर, मधेच तांबूस झाक असलेला. यिकोरेया म्हणतात त्याला इथे. चालताना पायाखाली फुटकी कौलं मोडल्यासारखा आवाज येतो आणि दोन पावलांनंतर एक पाऊल खाली घसरतंच. मामांनी एक सपाट तुकडा उचलला, थुंकी लावून अंगठ्यानं पुसला आणि म्हणाले, ‘अगं, ही तर पाटी.’ खरंच पाटीचाच दगड तो. मग त्यांनी गारगोटीचा खडा शोधला आणि त्यावर ‘श्री’ काढून बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि ‘द्राक्ष?’ असं विचारलं. मी ‘देव’ म्हटलं. ‘त्याची गरज आहेच,’ म्हणाल्या.

मग मामांनी तो प्रश्न विचारला जो जगातला कुठलाही द्राक्ष बागायतदार दुसऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. एकरी किती निघतंय? बाईंना एकर कळेना, मला हेक्टरचं एकर करताना घाम फुटला. शेवटी त्यांनीच सोपं केलं, झाडाला किलोभर, या जुन्या झाडांना तेही नाही. मामांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, भाचीचं स्पॅनिश कच्चं असावं. आमच्याकडे एका झाडाला बारा-पंधरा किलो माल असतो. इथला नियमच मुळी हेक्टरी सहा हजार किलोच्या वर जायचं नाही असा आहे, आणि या उतारांवर त्याच्या पाव हिश्शापर्यंत पोचतानासुद्धा दमछाक होते. मामा हसले नाहीत. जमिनीकडे बघत त्यांनी मनातल्या मनात कसला तरी हिशेब केला आणि ‘असं व्हय’ म्हणून गप्प झाले. नंतर गाडीत म्हणाले, एवढा माल तर आमच्याकडं विरळणीत खाली पडतो.

प्रिओरातची गोष्ट पर्यटकांना सांगितली जाते ती नेहमी एकाच पद्धतीनं. बाराव्या शतकात कार्थुसियन साधू आले, कुणा मेंढपाळाला पाइनच्या झाडावरून आकाशाला लावलेली शिडी आणि तिच्यावरून चढणारे देवदूत दिसले होते, त्या जागी त्यांनी एस्कालादेईचा मठ बांधला आणि वेली लावल्या. १८३५ मध्ये सरकारनं मठांच्या जमिनी काढून घेतल्या, साधू गेले, लोकांनी मठाचे दगडसुद्धा नेले. मग फिलॉक्सेरा. मग शंभरेक वर्षं काही नाही. आणि मग १९८९ मध्ये रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस, दाफ्ने ग्लोरियन वगैरे तरुण मंडळींनी ग्रातायोप्स गावात एकत्र तोडणी केली, वाइन केली, जगानं तोंडात बोटं घातली. २००० मध्ये कातालान सरकारनं आणि २००९ मध्ये स्पेनच्या सरकारनं या भागाला वाइनसाठीचा सगळ्यात वरचा दर्जा दिला, जो तोवर फक्त रिओहा या भागाकडे होता. आज तिथली एखादी बाटली हजार युरोंच्या वर जाते. यातलं काहीच खोटं नाही. पण मला ते मधलं ‘काही नाही’ खुपतं. फिलॉक्सेराच्या आधी पाच हजार हेक्टरच्या आसपास असलेली लागवड १९७० च्या दशकाच्या शेवटी सहाशेवर आली होती, म्हणजे सहाशे हेक्टर कुणीतरी राखली होती. जी जुनी झाडं नव्या मंडळींना सापडली, ज्यांच्या जोरावर पुढचं नाव झालं, ती आपोआप जगली नव्हती.

बाईंचे वडील बेलमुंतच्या शिशाच्या खाणीत कामाला होते. ती खाण १९७२ मध्ये बंद पडली. आठवडाभर जमिनीच्या पोटात आणि रविवारी उतारावर कुदळ घेऊन, असं त्यांचं आयुष्य गेलं. द्राक्षं सहकारी संस्थेत जायची, वजनावर आणि साखरेच्या अंशावर पैसे मिळायचे, ते इतके कमी की आईनं दर वर्षी म्हणायचं, यंदा काढून टाका. शेजाऱ्यांनी काढली. कुणी बदाम लावले, कुणी काहीच लावलं नाही आणि तिथे पाइनचं रान माजलं. वडिलांनी का ठेवली, मी विचारलं. बाईंनी खांदे उडवले. ‘हट्टी होते. आणि खाणीत ऊन नसतं.’

घराच्या दाराशी पाठीवर अडकवायचा एक जुना पितळी पंप टेकवून ठेवला होता. मामांनी नळीच्या जोडावरच्या निळसर थरावर बोट घासलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळले. ‘मोरचूद. आणि तू तर सेंद्रिय म्हणत होतीस.’ त्यांच्या आवाजात आरोप होता आणि थोडा आनंदही. मी सांगितलं, की मोरचूद-चुना आणि गंधक युरोपात सेंद्रिय शेतीला चालतं, फक्त तांबं मोजून, सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलोच्या वर नाही. मामांनी ते ऐकून असा चेहरा केला की जणू पंचवीस वर्षं विनाकारण कमीपणा घेतला. तिथेच वेलींना तपकिरी रंगाच्या बारीक नळ्या गुंडाळलेल्या होत्या. त्यातून मादी पतंगाचा वास सुटत राहतो, नर गोंधळतात, त्यांना मादी सापडत नाही आणि घडात अळी पडत नाही. ‘कामगंध सापळ्याचा भाऊ,’ मामा म्हणाले. एकूण सेंद्रिय या शब्दाभोवतीचं तेज त्या अर्ध्या तासात बरंच उतरलं. गंधकाची ती पिवळी भुकटी, भुरीच्या भीतीनं मारलेली, डोळ्यांत चुरचुरणारी, आणि संध्याकाळी आंघोळ केली तरी केसांत राहणारा तिचा वास. मला एकदम आजोळचा ओटा आठवला. तिथे त्याला कुणी सेंद्रिय म्हणत नसे.

खरं सांगायचं तर प्रिओरातमध्ये फवारणी कमी करणं ही वाऱ्याची करणी आहे. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्या तासगाव-कवठेमहांकाळकडच्या रानाइतकाच. दुपारी गार्बी नावाचा दमट वारा समुद्राकडून चढतो खरा, पण उत्तर-पश्चिमेकडून सेरे हा कोरडा वारा सुटला की पानांवरचा ओलावा तासाभरात पुसून नेतो. डाऊनी या बुरशीच्या रोगाला ओलं पान लागतं, ते इथे मिळत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर, फुलोऱ्यात, अवकाळी आला तर रात्रीतून घड गळतात आणि माणसं पहाटे तीनला ट्रॅक्टर काढतात. त्या माणसाला ‘सेंद्रिय करा’ असं सांगणं सोपं आहे, फार सोपं आहे. स्पेनमध्येच वर गालिसियात सिल नदीच्या काठी इतकेच खडे, किंबहुना याहून खडे उतार आहेत, रिबेइरा साक्रा म्हणतात त्या भागाला, मेन्सिया नावाचं काळं द्राक्ष पिकवतात. तिथे अटलांटिकचा पाऊस. तिथे सेंद्रिय करणाऱ्या माणसाला मी उभं राहून नमस्कार करीन. प्रिओरातच्या बाईंना मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांना अजिबात राग आला नाही. ‘रोग नाही आमचा त्रास,’ त्या म्हणाल्या. ‘आमचा त्रास गवत.’

गवताचं गणित उतारावर गेल्याशिवाय कळत नाही. पाणी मुळातच कमी, त्यामुळे वसंतात उगवलेलं तण वेलीच्या तोंडचं पाणी पितं. सपाटीवर ट्रॅक्टर फिरवला की झालं. या उतारांवर ट्रॅक्टर उलटतो, म्हणून मधल्या काळात सगळीकडे तणनाशक मारलं जायचं, पाठीवर पंप घेऊन एका माणसानं एका सकाळीत काम संपवावं. सेंद्रिय व्हायचं ठरवलं की ती सकाळ जाते आणि तिच्या जागी कुदळीचे दिवस येतात. शेजारच्या गावातून एक माणूस खेचर घेऊन येतो, रोजावर. खेचर उताराला आडवं चालतं, नांगर मागे, माणूस त्याच्या मागे एक पाय वर आणि एक पाय खाली ठेवून, आणि जिथे खेचरालाही पाय ठरवता येत नाही तिथे बाई स्वतः कुदळ घेतात. रुंद पात्याची, आखूड दांड्याची. नव्वदच्या दशकात काहींनी बुलडोझर लावून डोंगराला रुंद पायऱ्या पाडल्या, ट्रॅक्टर जाईल अशा. त्या लांबून अजूनही उठून दिसतात. बाईंच्या एका तुकड्यालाही त्या आहेत, त्यांच्या भावानं पाडून घेतलेल्या. त्या पायऱ्या दाखवताना त्या ओशाळल्या नाहीत, ‘तिथे माझे गुडघे दुखत नाहीत,’ म्हणाल्या.

मामांनी कुदळ मागून घेतली. त्यांना वाटलं असणार, बघू तरी. वहाणा काढून ठेवल्या, धोतराचा काष्टा घट्ट केला, आणि दोन वेलींमधला वाळलेला पाला ओढायला लागले. पाच-सहा घाव झाले असतील, पात्याखालून दगडाची चकती सुटली आणि खाली गडगडत गेली, तिच्यामागून आणखी दोन. खालून तोडणी करणाऱ्या एका मोरोक्कन पोरानं वर बघून ओरडून काहीतरी सांगितलं. मामा थांबले. जमीन हलते तिथे घाव घालायचा तर मनगट कसं वळवायचं असतं ते बाईंनी करून दाखवलं, आणि मामांनी ते नीट बघून घेतलं, पण परत कुदळ हातात घेतली नाही.

वाइनची त्यांनी चव घेतली नाही. मामा माळकरी आहेत. शिराज लावली तेव्हा गावातल्या एका बुवांनी कीर्तनात टोमणा मारला होता, माळ गळ्यात आणि दारूची द्राक्षं रानात. मामांनी तिथल्या तिथे उठून विचारलं होतं, ‘तुमचा ऊस काय नुसता साखरेलाच जातोय व्हय?’ तर बाईंनी पेला पुढे केला, मामांनी हात जोडले, बाईंना वाटलं नमस्कार. मग त्यांनी वेलीवरचा एक मणी तोडून तोंडात टाकला, साल वेगळी चावली, गर गिळला आणि बिया तळहातावर थुंकून उन्हात धरल्या. दोन तपकिरी, एक अजून जरा हिरवट. ‘हा तुकडा आज तोडायचा न्हाय,’ ते म्हणाले. ‘शुगर चोवीसच्या वर हाय, पण बी कच्चं हाय. अजून तीन दिस.’ मी सांगायच्या आधीच बाईंनी स्वतःचा तळहात उघडून दाखवला. त्यांच्याही हातावर तीन बिया होत्या. त्या वेळी मी तिथे नसते तरी चाललं असतं.

तळघरात उतरण्याआधी बाईंनी मेणबत्ती पेटवून पुढे धरली. आंबणाऱ्या रसातून निघणारा वायू जमिनीलगत साचतो आणि माणूस न कळता खाली बसतो, म्हणून हा जुना रिवाज अजून चालू आहे. ज्योत जळत राहिली, आम्ही उतरलो. तोंड उघडी असलेली दोन मोठी पिंपं, वर सालांचा जाड थर, जांभळा फेस, आणि आंबट-गोड असा वास की जिभेच्या मुळाशी पाणी सुटावं. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, सालांवर जे असतं तेच कामाला लागतं. बाई दिवसातून दोनदा तो थर खाली दाबतात, कधी लाकडी दांड्यानं, कधी सरळ पिंपात उतरून पायांनी. त्यांच्या घोट्यांपर्यंतचा रंग महिनाभर जात नाही. मामांनी पिंपाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. आतून बारीक सळसळ येत होती, मलाही ऐकवली. नंतर त्यांनी हातानं फिरवायचं उभं दाबयंत्र, पाचशे लिटरची जुनी लाकडी पिंपं, कोपऱ्यातलं वडिलांच्या वेळचं गोड-करपट जुन्या वाइनचं छोटं पिंप असं सगळं हात लावून पाहिलं. मी प्यायले. जांभळासारखी तुरट, गरम, मागे कुठेतरी वाळलेल्या अंजिराचा आणि बाहेरच्या रानातल्या थाइमचा वास. लोक यात पाटीच्या दगडाचीही चव सांगतात. मुळं दगडाची चव वर ओढून आणत नाहीत असं शास्त्र म्हणतं, आणि मला ती लागली ती बहुधा सकाळभर त्या दगडावर उभी राहिल्यामुळे. पण लागली.

मग त्या शिराजबद्दल. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क झाले, आणि गावोगाव लोक वाइनची रोपं बघायला जायला लागले. मामांनी एका कंपनीशी करार केला. पहिल्या दोन तोडण्यांचे पैसे वेळेवर आले. त्यातल्या पहिल्या पैशातून मामीला पाटल्या झाल्या. मग २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइन गोदामांत पडून राहिली, आणि कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला. झाडावर माल पिकून लोंबत होता. शिराजचा मणी बारीक, सालीला जाड, आत बिया. बाजारात कुणी घेईना, बेदाणा होईना. करारात काय लिहिलं होतं ते मामांनी वकिलाला दाखवलं, वकिलानं फी घेतली. दोन वर्षं त्यांनी वाट पाहिली, छाटणीसुद्धा केली, आणि तिसऱ्या वर्षी जेसीबी आणला. तिथे आता माणिक चमन आहे, बेदाण्याला जातं, बरं चाललंय. शिराजचा विषय घरात निघत नाही. मी लहान नव्हते तेव्हा, पण घरातल्यांनी मला सगळं सांगितलं ते बऱ्याच नंतर, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येकानं थोडं वेगळं.

म्हणून त्या उतारावर ‘हायत की’ ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आधी वाटलं, एका परक्या बाईपुढे कमीपणा नको म्हणून. मग वाटलं, जिच्या बापानं शेजाऱ्यांनी काढली तरी काढली नाही, तिच्यापुढे ‘मी काढली’ असं म्हणणं मामांना जमलं नाही. कधी वाटतं, त्यांना तिचा तो दिवस खराब करायचा नव्हता, एवढंच. गाडीत मी विषय काढून पाहिला. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘एवढ्याशा मालावर जगत्यात म्हंजे किंमत लई मिळत असणार बाटलीला.’ मी किंमत सांगितली. त्यांनी तिला नव्वदनं गुणलं. तेइशेताची खिंड येईपर्यंत ते तोच हिशेब करत होते, बाटली, बूच, पिंप, खेचरवाला, तोडणीची माणसं. खिंडीच्या पलीकडे गेल्यावर म्हणाले, ‘मजुरी सोडून काय बी उरत न्हाय तिला. सोताची मजुरी धरलीच न्हाय तिनं.’

त्याच दिवशी निरोप घेताना मामांनीही बाईंना एक प्रश्न विचारला होता, मुलं शेतात आहेत का? बाई म्हणाल्या होत्या, ‘मुलगा बघतो आता सगळं.’ मामांना फार बरं वाटलं होतं. पुढे फेब्रुवारीत छाटणीच्या वेळी मी परत गेले, एकटीच. २०२४ ची सुरुवात, तिसरं कोरडं वर्ष, सिउरानाच्या धरणाचा तळ उघडा पडलेला, नळाच्या पाण्यावर बंधनं. उतारावरची काही जुनी झाडं जगलीत की नाही ते कळत नव्हतं, बाई नखानं साल खरवडून हिरवं दिसतंय का बघत होत्या आणि मेलेल्यांना लाल दोरा बांधत होत्या. छाटलेल्या काड्यांच्या जाळावर कालसोत भाजायला ठेवले होते, हे इथले कोवळे कांदे, बाहेरून काळे होईपर्यंत भाजायचे आणि साल ओढून काढून खायचे. मुलगा कुठे आहे, मी विचारलं. शिफ्टला गेलाय, म्हणाल्या. तारागोनाच्या पेट्रोकेमिकल पट्ट्यात, मी काम करते त्याच भागात, माझ्या कारखान्यापासून दोन कुंपणं सोडून. गेली आठ वर्षं. तोडणीला रजा काढून येतो, कागदपत्रं तोच करतो, कुदळ मात्र त्यानं कधी धरली नाही. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, सप्टेंबरात मामांना काय सांगितलं होतं ते विसरल्यासारखं. किंवा मी विसरले असेन असं धरून. मी पण कांदा सोलत राहिले.

मामांना मी हे सांगितलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बाईंनी पायऱ्यांच्या तुकड्यावरची द्राक्षं स्वतः न करता एका मोठ्या वाइनरीला द्यायचं ठरवलं. तळघरात मागची वाइन पडून आहे, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, आणि उतारावरच्या कारिन्येनापुरतं बळ राखायचं आहे. वाइनरीवाले स्वतः येऊन बघून गेले, भाव चांगला बोलले, तोडणीही तेच करणार. फोनवर मामांना ही बातमी दिली तर मला वाटलं, किलोचा भाव विचारतील, युरोचे रुपये करतील. त्यांनी भाव विचारलाच नाही.

‘लेखी घेतलंय का?’ ते म्हणाले. ‘आणि निम्मे पैसे तोडणीच्या आधी माग म्हणावं. तोडल्यावर न्हाय. आधी.’

मी बाईंना विचारलं. लेखी नव्हतं.